वर्षात किती वेळा?

बालरोगतज्ज्ञांच्या खोलीत एक साधा प्रश्न विचारला जातो आणि आई-बाबा एकमेकांकडे बघायला लागतात. ‘वर्षात किती वेळा आजारी पडतो?’ बहुतेक घरांचं उत्तर एकच असतं : ‘सारखाच असतो हो.’ काहीजण पिशवीतून चिठ्ठ्यांची चळत काढतात. चिठ्ठ्या दोन-तीन डॉक्टरांच्या असतात, घड्या पडलेल्या, कडा फाटलेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर त्या दिवसाचा ताप आणि त्या दिवसाचं औषध आहे. पण गेल्या बारा महिन्यांत नेमकं काय काय झालं, हे त्या सगळ्या चिठ्ठ्या मिळूनही सांगू शकत नाहीत.

शाळकरी मूल वारंवार आजारी पडतं तेव्हा घराची सगळी ताकद तो दिवस निभावण्यात जाते. रात्री अंग तापतं. सकाळी कामावर कळवायचं, वर्गाच्या बाईंना मेसेज टाकायचा, डॉक्टरांकडे नंबर लावायचा, संध्याकाळी कुणाकडून तरी वह्या आणून अभ्यास उतरवून घ्यायचा. चार दिवसांनी मूल पुन्हा हुंदडायला लागलं की सगळ्यांना हायसं वाटतं आणि झाला प्रकार मागे पडतो. तिथेच घोटाळा होतो. अशा मुलाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुठल्याही एका आजारपणात सापडत नाही. ती दोन आजारपणांच्या मधल्या अंतरात, त्यांच्या वेळेत आणि त्यांच्या संख्येत असते. ती पाहायला कुणीतरी पूर्ण वर्ष डोळ्यांसमोर धरावं लागतं, आणि आपल्याकडे ते काम नेमकं कुणाचं, हे ठरलेलंच नाही.

आधी थोडा धीर देणारा हिशेब. सहा वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नेहमीचंच आहे. काही मुलांच्या बाबतीत हा आकडा बारापर्यंत जातो. शाळेची वर्षं सरतात तसा तो कमी होत जातो. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते, तिच्यामागून येणारा खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाला सहा वेळा सर्दी झाली, तरी वर्षातले चाळीस ते साठ दिवस नाक वाहण्यात जातात. त्यातले बरेचसे पावसाळ्यात आणि थंडीत एकापाठोपाठ एक येतात. एक खोकला पुरता थांबायच्या आत दुसरा सुरू झाला, की आईला वाटतं तीन महिने एकच आजार चाललाय. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार. शरीर एकेकाची ओळख करून घेत जातं, आणि त्याला वर्षं लागतात.

अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुलांच्या श्वसनविकारांचा जन्मापासून कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यात एक गोष्ट दिसली. लहानपणी पाळणाघरात राहून सतत आजारी पडलेली मुलं शाळेत गेल्यावर तुलनेने कमी आजारी पडत होती. घरीच वाढलेल्या मुलांची ती उधारी शाळेत गेल्यावर फिटत होती. ‘तू नोकरी करतेस म्हणून पोर आजारी पडतं’ असं ऐकून घेणाऱ्या आयांपर्यंत हा निष्कर्ष पोचायला हवा.

मग काळजी कधी करायची? इथे पुन्हा आकडेच उपयोगी पडतात. जन्मजात प्रतिकारशक्तीच कमजोर असण्याची शंका कधी घ्यावी, याच्या ज्या खुणा डॉक्टर जगभर वापरतात त्या बहुतेक मोजणीच्याच आहेत : वर्षात चार किंवा अधिक वेळा कानाला संसर्ग होणं, वर्षात दोनदा न्यूमोनिया, दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फारसा फरक न पडणं. त्यांच्या जोडीला वजन न वाढणं आणि घरात असा विकार आधी कुणाला असणं. टॉन्सिलचंही तसंच. पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातले निकष आजही शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना समोर ठेवले जातात. घसा धरून ताप येण्याचे प्रसंग एका वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन. शिवाय ते प्रसंग नोंदलेले हवेत, आठवणीतले चालत नाहीत. ‘सारखंच असतं’ या उत्तरावर कुणाच्या घशाला चाकू लावायचा की नाही, हे ठरवता येत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत मात्र मोजत बसायचं नाही. सर्दीमागचा खोकला रेंगाळतो हे खरं असलं, तरी दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला किंवा ताप, घटणारं वजन, घरात कुणाला क्षयरोग झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर तपासणीला उशीर करायचा नाही.

नोंद ठेवायला फार काही लागत नाही. शंभर पानी वही पुरते. तारीख, किती दिवस, ताप किती होता, खोकला दिवसा की रात्री, छातीत घरघर होती का, कुठलं औषध दिलं, शाळा किती बुडाली, आणि त्या आठवड्यात वेगळं काय घडलं : घराला रंग दिला, पाऊस लागून राहिला, लग्नाला गावी गेलो. महिन्याला एकदा उंची-वजन. सहा महिन्यांची अशी वही समोर आली की डॉक्टरांना जे दिसतं, ते रक्ताच्या अनेक तपासण्यांत दिसत नाही.

नोंद नसेल तर प्रत्येक आजारपण नवं ठरतं आणि प्रत्येक वेळी नवी बाटली येते. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे सांगून सांगून बालरोगतज्ज्ञ थकले आहेत. खोकल्याच्या औषधांची गोष्ट तर आता मनाला चटका लावणारी झाली आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमुळे वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांना शेवटच्या उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, अशी सूचना त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने काढली. थोरल्या शाळकरी मुलासाठी आणलेली बाटली धाकट्यालाही दोन चमचे पाजली जाते अशा घरांनी ही सूचना फ्रिजवर चिकटवून ठेवावी.

वर्ष एका रेषेत मांडलं की सर्वांत जास्त वेळा जो आजार डोकं वर काढतो, तो दमा. रात्री दोन-तीनच्या सुमाराला येणारी कोरड्या खोकल्याची उबळ, खेळून आल्यावर, मोठ्याने हसल्यावर किंवा रडल्यावर लागणारा ठसका, प्रत्येक सर्दी छातीत उतरणं, एकदा नेब्युलायझरची वाफ दिली की तासाभरात मूल ताजंतवानं होणं. यांतली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर ‘कफ झालाय’ एवढंच म्हणता येतं. चार महिन्यांतली सगळी एकत्र पाहिली तर रोग स्वतःचं नाव सांगतो. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सहा-सात वर्षांच्या मुलांत दम्याचं प्रमाण ३.१६ टक्के आढळलं, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत ३.६३ टक्के. त्याहून गंभीर आकडा पुढचा होता. ज्यांना घरघरीचा त्रास चालू होता, अशा लहान-मोठ्या मिळून ८२ टक्के लोकांना दमा असल्याचं कुणी सांगितलेलंच नव्हतं.

न सांगण्याची कारणं कळण्याजोगी आहेत. मुलगी असेल तर पुढे लग्नाचं काय, ही भीती पाचवीतल्या मुलीच्या बाबतीतही घरातले मोठे बोलून दाखवतात. डॉक्टरही मग ‘ॲलर्जीचा खोकला आहे’ म्हणून वेळ मारून नेतात. दम्याचा स्वभावच असा की तो येतो आणि जातो. मधल्या काळात मूल अगदी ठणठणीत असतं, त्यामुळे शेवटी जे काही केलं त्याचा गुण आला, असं वाटतं. दरवर्षी मृग नक्षत्र लागताना हैदराबादला नामपल्लीच्या मैदानावर जिवंत माशाच्या तोंडात औषध भरून तो मासा दमेकऱ्यांना गिळायला देतात. त्या रांगेत महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबंही असतात, कडेवर मुलं घेऊन. त्या औषधाचा उपयोग होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. तरी ते लोक दोन दिवसांचा प्रवास करून का जातात, हे समजून घ्यायला हवं. हा आजार एका दिवसात जाणारा नाही, पण रोजच्या थोड्या औषधाने तो शांत ठेवता येतो, हे त्यांना कुणी शांतपणे बसून समजावलेलं नसतं.

घरोघरी मग पथ्यं सुरू होतात. केळं बंद, दही बंद, भात बंद, पेरू बंद. खाण्यामुळे दमा उसळणारी मुलं थोडीच असतात. उलट वाढत्या वयात पानातले चार पदार्थ कमी झाल्याने आधीच बारीक असलेलं मूल आणखी उतरतं. एखाद्या पदार्थाने त्रास होतोय अशी खरीच शंका असेल, तर तीही वहीत लिहून दोन-तीनदा पडताळावी.

आणि पंप. इनहेलरला आपल्याकडे पंप म्हणतात, आणि ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्यात ऐकायला मिळतं. हे उपकरण मुळात एका शाळकरी मुलीच्या प्रश्नातून जन्माला आलं आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा औषधाचा फवारा घ्यायला रबरी फुगा दाबायची काचेची नळी वापरत. ती फुटायची, शाळेत नेता यायची नाही. केसांना मारायचा स्प्रे जसा डब्यातून येतो तसं माझं औषध का येत नाही, असं तिने वडिलांना विचारलं. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ठरावीक मात्रेचा पहिला इनहेलर बाजारात आला. शाळेच्या दप्तरात मावेल असं औषध एका मुलीला हवं होतं. सत्तर वर्षांनी आपल्याकडची मुलं तेच औषध दप्तरात लपवून नेतात.

सवयीच्या भीतीला मात्रेचं उत्तर आहे. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपचा एक चमचा म्हणजे दोन मिलिग्रॅम औषध. ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग, आणि तोही थेट श्वासनलिकेत. मात्र पंप नुसता तोंडात दाबला तर बरंचसं औषध घशावर आदळून वाया जातं, म्हणून मुलांना पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायचा स्पेसर लागतो. तो परवडत नाही किंवा गावात मिळत नाही ही अडचण खरी आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक उपाय तपासून १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. शीतपेयाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडून नीट बसवली, तर दम्याचा झटका आलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच गुण देते. आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी बाटली करून दाखवणारं कुणीतरी असायला हवं.

पंप दोन कामांचे असतात, आणि इथे फार घरांची गल्लत होते. एक धाप लागल्यावर लगेच आराम देणारा. दुसरा रोज घ्यायचा, श्वासनलिकेची सूज उतरवणारा, ज्यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं. आराम पडला की हा दुसराच आधी बंद केला जातो, कारण स्टेरॉइड या शब्दाचा धसका. भीती निराधार नाही, पण तिचं माप माहीत असावं. अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या हजाराहून अधिक मुलांना वर्षानुवर्षं तपासलेल्या अभ्यासात, असं औषध नियमित घेतलेल्यांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. दुसऱ्या पारड्यात काय आहे, तर दर पंधरवड्याला मोडलेली झोप, बुडालेली शाळा आणि कधीतरी मध्यरात्री ऑक्सिजन लावायला धावत नेणं. हे दोन्ही बाजूंचं सांगून डॉक्टरांनी निर्णयात आई-वडिलांना सामील करून घेतलं, तर औषध मध्येच सुटत नाही. ते घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, एवढं मुलाला शिकवलं की पुरे.

घराकडेही एकदा नीट पाहावं लागतं. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना बुरशी धरते, कपाटातल्या गाद्यांना वास येतो. डासांसाठी मुलाच्या उशाशी कॉइल लावली जाते. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. त्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी.

हा अंक हातात येईल तेव्हा फटाक्यांची पिशवीही घरात आलेली असेल, म्हणून पुण्यातल्या एका प्रयोगाबद्दल थोडं सविस्तर. चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मुलांच्या हातात असणारे सहा फटाके एकेक करून पेटवले आणि ते पेटवणारं मूल जितक्या अंतरावर असतं तितक्या अंतरावर हवेतले सूक्ष्म कण मोजले. २०१६ साली हे आकडे समोर आले. सर्वांत वाईट निघाली ती नागगोळी. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून सगळ्यात धाकट्याच्या हातात दिली जाते तीच. तिच्या धुरात सूक्ष्म कणांचं प्रमाण एका घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. तिच्यामागोमाग लड, मग पुलपुल, फुलबाजी, चक्र आणि शेवटी अनार. लहान मुलं नागगोळीवर वाकून तो काळा साप वर येताना बघतात. ज्या घरात दम्याचं मूल आहे तिथे निदान ही एक गोष्ट पिशवीतून काढून टाकावी, आणि चाळीतल्या, सोसायटीतल्या बाकीच्यांनीही काढावी.

दमा श्वासातून कळतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या डोंगरात आणखी एक आजार आहे. तो मुलाला वर्षातून अनेकदा अंथरुणाला खिळवतो, आणि तोही सुट्या सुट्या तक्रारींच्या आड दडून राहतो. हातपाय दुखतात, पोटात दुखतं, डोळे पिवळे दिसतात, ताप येतो. एकदा कावीळ म्हणून उपचार होतात, एकदा संधिवात म्हणून, आणि दुखणं बाहेरून दिसत नसल्याने शाळेत ‘ढोंग करतो’ असंही म्हटलं जातं. सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी बाधली की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे जीवघेणी कळ येते. शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली हा आजार पहिल्यांदा नोंदवला. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात आजारी मूल जन्माला येण्याची शक्यता चारात एक असते. वाहकांना स्वतःला सहसा काहीच होत नाही, म्हणून मूल आजारी पडेपर्यंत घराला पत्ता नसतो.

नागपूरच्या संपत रामटेके यांच्या बाबतीत तेच झालं. मुलाला सिकलसेल असल्याचं कळल्यावर त्यांनी या आजाराच्या रुग्णांची संघटना उभी केली. ‘सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया’च्या नावाने तपासणी, औषधं आणि सरकारी सवलती यांसाठी ते वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज सिकलसेलच्या रुग्णाला एसटीतून मोफत प्रवास करता येतो आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश झाला त्यांत सिकलसेलही आहे. त्यामागे आजारी मुलांच्या अशा आई-बापांनी केलेली धडपड आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

पण ते वर्ष उजाडेपर्यंत या मुलांना रोज सकाळी शाळेत जायचं आहे. त्यांना दिवसभर भरपूर पाणी प्यावं लागतं. त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे सारखं बाहेर जावं लागतं. तासाच्या मध्ये उठायची परवानगी नाही आणि मुतारीत पाणी नाही, अशा शाळेत ही मुलं पाणी पिणंच सोडतात. पाणी सोडलं की कळ, कळ आली की आठवडाभर शाळा नाही. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा, भर उन्हातली कवायत, आश्रमशाळेत हिवाळ्यात गार पाण्याची अंघोळ, यांतली प्रत्येक गोष्ट सिकलसेलच्या मुलाला दवाखान्यात पोचवू शकते. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने कळांचं प्रमाण बऱ्याच मुलांत कमी होतं. ती रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाला ती गोळी रोज कोण देणार, हे नाव घेऊन ठरलेलं असावं लागतं. बाकीचं काम एका शिक्षकाला एका दुपारी समजावून सांगता येईल इतकं सोपं आहे : पाण्याची बाटली बाकावर, लघवीला जायची कायमची परवानगी, थंडीत स्वेटर, ताप आला तर वाट न बघता डॉक्टर.

शाळेकडे आपण फक्त हजेरी मागणारी जागा म्हणून बघतो, आणि शाळाही बहुधा तशीच वागते. स्नेहसंमेलनात शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस देण्याची चाल अजून अनेक शाळांत आहे. ही चाल बंद व्हावी. त्या बक्षिसासाठी तापातही मुलं वर्गात येऊन बसतात आणि शेजारच्या दहांना प्रसाद देतात. जे मूल दम्यामुळे पंधरा दिवस घरी होतं त्याला मात्र भर सभेत कळतं, की आपण कुठेतरी कमी पडलो.

शाळेच्या हातात खरं तर बरंच आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात पहिल्यांदा फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी डॉक्टरांचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्यांच्या यादीत श्वासनलिकेचे विकार, संधिवातामुळे होणारे हृदयविकार, कान फुटणं, फिट येणं, सगळं आहे. पथकाला एका मुलासाठी काही मिनिटंच मिळतात आणि त्या दिवशी मूल ठीक असेल तर त्यांना काही दिसत नाही. वर्गशिक्षिकेने हजेरीपटावरून वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांची नावं काढून ठेवली आणि पथकाच्या हातात दिली, तर ती तपासणी खऱ्या अर्थाने कामी येईल. हजेरीपट ही शाळेत आधीपासून असलेली, बाराही महिने नेमाने भरली जाणारी नोंद आहे. ती आरोग्यासाठी कुणी वाचत नाही, एवढंच.

दम्याच्या, सिकलसेलच्या, फिट येणाऱ्या मुलासाठी एका पानावर लिहिलेली सूचना वर्गात असावी. त्रास सुरू झाल्याची खूण काय, कुठलं औषध किती द्यायचं, किती मिनिटांत उतार पडला नाही तर कुठे न्यायचं, कुणाला फोन करायचा. डॉक्टरांनी सही करून ते पान दिलं की शिक्षकांच्या मनातली जबाबदारीची भीती पुष्कळ कमी होते. पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवून उपयोग नाही. तो मुलाच्या जवळ हवा.

खेळाच्या तासाला अशा मुलांना बाकावर बसवून ठेवणं ही दया त्यांना नको असते. दमा ताब्यात असेल तर ती धावू शकतात. अंग सावकाश गरम केलं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप घेतला, की बहुतेकांना त्रास होत नाही. अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी दमा असताना १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये हेप्टाथलॉनची सुवर्णपदक विजेती झाली. पोहणं, लंगडी, खो-खो, काहीही असो, मूल संघात आहे की संघाबाहेर, याचा त्याच्या मनावर आजाराइतकाच परिणाम होतो.

बुडालेल्या अभ्यासाचं काय, हा प्रश्न आई-बाबांना आजारापेक्षा जास्त छळतो. अर्जेंटिनात एर्नेस्तो गेवारा नावाच्या मुलाला वयाच्या दुसऱ्या वर्षापासून दमा होता. कोरड्या हवेसाठी सगळं कुटुंब आल्ता ग्रासिया या डोंगरातल्या गावी जाऊन राहिलं. मुलगा शाळेत इतरांपेक्षा बराच उशिरा गेला. तोवर आईने त्याला घरी लिहाय-वाचायला शिकवलं, आणि अंथरुणातल्या त्या दिवसांत त्याने पुस्तकांचा फडशा पाडला. पुढे तो डॉक्टर झाला, ‘चे’ म्हणून जगाला माहीत झाला, हा वेगळा विषय. इथे घ्यायचं ते इतकंच, की आजारपणाच्या दिवसात सगळ्या विषयांच्या सगळ्या वह्या उतरवून काढण्याची गरज नसते. गणितासारख्या पायरीपायरीने जाणाऱ्या विषयाचा धागा तुटू दिला नाही आणि बाकीचा वेळ गोष्टी वाचून दाखवल्या, तर मूल दमतही नाही आणि मागेही पडत नाही. कुठले धडे सोडले तर चालतील, हे शिक्षकांनी आपण होऊन सांगावं.

घरात दुसरं मूल असतं. त्याला काही होत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग त्याचंही पोट शाळेच्या वेळेला दुखायला लागतं. ते खोटं बोलत नसतं.

आता उरतो रजेचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. मूल आजारी पडलं की घरी थांबते ती बहुतेक घरांत आई. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस दिले. स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या आजारी मुलासाठी आई किंवा वडील, कुणीही, वर्षाला १२० दिवसांपर्यंत घरी थांबू शकतात आणि पगाराचा मोठा हिस्सा सरकारी विम्यातून मिळतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही ताप आलेल्या मुलाजवळ वडील थांबलेले असतात. आपल्याकडे खासगी नोकरीतल्या वडिलांनी मुलाच्या तापासाठी सुट्टी मागितली तर अजूनही ‘घरी कुणी नाही का?’ असं विचारलं जातं.

आणि सरकारी आस्थापनेच्या बाहेर ज्या आहेत त्यांना यातलं काहीच नाही. चार घरची धुणीभांडी करणारीचा खाडा झाला की पगार कापला जातो. बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळी झाली की कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. तिथे एक दिवस कोयता थांबला तर मुकादम दंड लावतो. दम्याचं पोर बरोबर न्यावं तर फडातली धूळ, कोपीतला चुलीचा धूर आणि पहाटेची थंडी. आजीजवळ ठेवावं तर शाळा टिकते, पण रात्री धाप लागली तर गाडी कोण काढणार? मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, त्यांत जेवणाची आणि शाळेची सोय पाहिली जाते. तिथल्या कपाटात दोन पंप, एक स्पेसर आणि प्रत्येक आजारी मुलाच्या नावाचं एक पान ठेवायला फार पैसे लागत नाहीत. ऑक्टोबरात कुटुंबं निघण्याआधी आशाताई आणि वर्गशिक्षक यांनी मिळून ती यादी करायची, ज्या गावी जाणार तिथल्या आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि तीन महिन्यांचं औषध आईच्या हातात द्यायचं. यंदाच्या हंगामापासून हे करता येईल. गाड्या भरायला अजून थोडे दिवस आहेत.